मलेरियाचं औषध चालू आहे, मग माला-एन थांबवू का?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळा लागला की तापाचे पेशंट वाढतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मलेरियाच्या चिठ्ठ्यांना खंड नसतो. गेल्या पावसाळ्यात दुपारच्या वेळी एक बाई आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस. ताप उतरलेला, पण चेहरा अजून ओढलेला. दुकानात दोन पुरुष उभे होते. ते जाईपर्यंत ती उगाच साबणाच्या वड्या बघत राहिली. ते गेल्यावर पदराआडून माला-एनचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं आणि हळूच म्हणाली, "ताई, हे आता टाकून देऊ का?"

पाकिटातल्या नऊ पांढऱ्या गोळ्या संपल्या होत्या, दहावी जागेवर होती. चार दिवसांपूर्वी आशाताईनं बोटातून रक्त घेऊन तपासणी केली, मलेरिया निघाला आणि गोळ्यांचा पत्ता मिळाला. घरी जाऊबाई म्हणाल्या, दोन्ही गोळ्या गरम, एकत्र घेतल्या तर बाधतील. म्हणून हिनं माला-एन बंद केली. मी विचारलं, "आशाताईला का नाही विचारलंस?" ती म्हणाली, "सासरे तिथंच बसले होते ना."

तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. दोन औषधं एकत्र घेतली तर एकमेकांना आडवी येतात का, हे विचारायलाच हवं. फक्त उत्तर मिळण्याआधीच तिनं गोळी थांबवली होती, आणि तिच्यासारख्या कितीतरी जणी तेच करतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शहरातून आफ्रिकेला कामासाठी किंवा फिरायला जाणाऱ्या मुलींसाठीही, कारण प्रश्न त्यांचाही हाच असतो.

थेट उत्तर आधी सांगते. मलेरियाचं औषध सुरू झालं म्हणून गर्भनिरोधक गोळी स्वतःहून थांबवायची नाही. क्लोरोक्विन असो, प्रायमाक्विन असो, डॉक्सिसायक्लिन असो की आर्टेसुनेटचा पत्ता. काही औषधांबरोबर थोडी जास्तीची खबरदारी घ्यावी लागते, पण ती गोळी चालू ठेवून घ्यायची असते. जागतिक आरोग्य संघटना कोणत्या आजारात आणि कोणत्या औषधाबरोबर कोणतं गर्भनिरोधक चालतं याचे चार वर्ग करते. पहिला वर्ग म्हणजे बिनदिक्कत वापरा, चौथा म्हणजे वापरूच नका. परजीवी मारणारी औषधं, ज्यात मलेरियाची येतात, ती हार्मोनच्या सगळ्या गर्भनिरोधकांबरोबर पहिल्या वर्गात आहेत.

मग शंका येते कुठून? त्यासाठी पोटात गेलेल्या गोळीचं पुढं काय होतं ते बघावं लागेल.

यकृताची गिरणी

माला-एनच्या एका पांढऱ्या गोळीत दोन हार्मोन असतात. लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनाइल एस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम. हे दुसरं किती कमी आहे याचा अंदाज असा, की एक ग्रॅम औषधात तेहतीस हजारांहून जास्त गोळ्या तयार होतील. एवढीशी मात्रा बीजकोशाला रोज सांगत राहते की या महिन्यात बीज सोडू नकोस. रक्तातली पातळी फार खाली गेली तर हा निरोप पोचत नाही.

आतड्यातून शोषलेलं हे औषध आधी यकृतात जातं. यकृत म्हणजे गावातली पिठाची गिरणी समजा. सगळ्यांचं दळण तिथंच येतं. गर्भनिरोधक गोळीचं, मलेरियाच्या औषधाचं, टीबीच्या औषधाचं, फिटच्या औषधाचं. दळून झालं की ते शरीराबाहेर टाकायच्या कामाचं होतं, म्हणजेच त्याचा परिणाम संपतो. या गिरणीतल्या चक्क्या म्हणजे एन्झाइम. त्यातली सगळ्यात मोठी, निम्म्याच्या आसपास औषधं दळणारी चक्की म्हणजे सीवायपी-३ए-४. नाव लक्षात ठेवायची गरज नाही.

काही औषधं अशी असतात, की ती आली की गिरणीवाला जादा चक्क्या बसवतो. त्या एकदा बसल्या की फक्त त्या औषधाचं नाही, सगळ्यांचंच दळण भराभर निघायला लागतं. सकाळी घेतलेली गर्भनिरोधक गोळी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरायची ती रात्रीच संपते. चक्क्या बसायला काही दिवस लागतात, आणि औषध बंद केल्यावरही त्या लगेच निघत नाहीत, दोन ते चार आठवडे चालूच राहतात. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. औषध संपलं म्हणजे परिणाम संपला असं होत नाही.

याचं पक्कं उदाहरण मलेरियाचं नाहीच, ते टीबीचं आहे. १९७१ साली जर्मनीतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की रिफाम्पिसिन घेणाऱ्या बायकांना गर्भनिरोधक गोळी चालू असताना मध्येच रक्तस्राव होतोय आणि काहींना दिवसही गेलेत. पुढं कळलं की रिफाम्पिसिन म्हणजे गिरणीत चक्क्यांची रांगच लावणारं औषध. आजही रिफाम्पिसिन चालू असलेल्या बाईला माला-एनसारख्या गोळीवर विसंबू नको असंच सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेनं ही जोडी तिसऱ्या वर्गात टाकली आहे. म्हणून औषधांची जुगलबंदी म्हटली की सगळ्यांच्या मनात रिफाम्पिसिन असतं आणि तीच भीती इतर औषधांवर आपोआप चिकटते.

मलेरियाची जुनी औषधं मात्र चक्क्या बसवत नाहीत. हे तपासून बघितलेलं आहे. क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन घेतलेल्या बायकांच्या रक्तात गर्भनिरोधक हार्मोनची पातळी किती राहते, हे ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी मोजलं. ते १९८४ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी आपल्या मुंबईतल्या संशोधकांचं कामही छापून आलं. त्यांनी गोळी घेणाऱ्या बायकांना मलेरिया टाळण्यासाठी क्लोरोक्विन देऊन दोन्ही औषधांची पातळी पाहिली होती. गोळी निकामी होईल असं काही निघालं नाही. थायलंडमध्ये उलट बाजूनं बघितलं गेलं, की गर्भनिरोधक गोळीमुळं मलेरियाचं औषध कमी पडतं का. क्विनीन आणि मेफ्लोक्विन दोन्हींच्या बाबतीत उत्तर नाही असंच आलं.

मला या जुन्या अभ्यासांचं मोल फार वाटतं. पाच-दहा बायकांच्या हातातून तासातासाला रक्त काढून केलेलं हे काम. त्या बायकांनी हात पुढं केला म्हणून आज मी काउंटरवर उभी राहून ठामपणे सांगू शकते, की क्लोरोक्विनबरोबर माला-एन चालू ठेव.

डॉक्सिसायक्लिनची जुनी भीती

माझी मावसबहीण पुण्यात असते. कंपनीच्या कामासाठी तिला तीन आठवडे टांझानियाला जायचं होतं. प्रवासाआधी डॉक्टरांनी मलेरिया होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन लिहून दिलं. निघायच्या दोन दिवस आधीपासून रोज १०० मिलिग्रॅमची एक, तिथं असेपर्यंत रोज, आणि परत आल्यावर आणखी चार आठवडे. सहा आठवड्यांपेक्षा कमी प्रवासासाठी आपल्याकडची हीच पद्धत आहे. जास्त मुक्काम असेल तर आठवड्यातून एकदा मेफ्लोक्विन देतात. तिनं रात्री फोन केला. "अगं, मी गोळी घेते ना रोजची. इंटरनेटवर लिहिलंय, अँटिबायोटिक चालू असेल तर गोळी काम करत नाही. मग आता दोन महिने काय करायचं?"

तिनं वाचलेलं जुनं होतं, पण अगदी हवेतून आलेलं नव्हतं. गोळीतलं एस्ट्रोजन यकृतात दळलं गेल्यावर त्यातला काही भाग पित्तातून आतड्यात उतरतो. आतड्यातले जिवाणू त्याची बांधलेली गाठ सोडतात आणि मोकळं झालेलं एस्ट्रोजन पुन्हा रक्तात शोषलं जातं. म्हणजे एकच हार्मोन दोनदा उपयोगी पडतो. अँटिबायोटिकनं हे जिवाणू मेले तर दुसरी फेरी बंद पडेल आणि गोळी कमी पडेल, असा तर्क होता. ऐकायला अगदी पटण्यासारखा. त्यात अँटिबायोटिक घेताना दिवस गेल्याच्या काही घटना डॉक्टरांनी नोंदवल्या. मग अनेक वर्षं सगळीकडे सल्ला दिला जायचा, की अँटिबायोटिक चालू असताना आणि नंतर सात दिवस निरोध वापरा.

पुढं रक्तातली पातळी मोजली गेली, डॉक्सिसायक्लिनबरोबरही. तेव्हा लक्षात आलं की ती दुसरी फेरी बंद पडल्यानं सांगण्यासारखा फरक पडत नाही. आणि दिवस गेल्याच्या घटनांचं काय? रोजच्या आयुष्यात गोळी जशी घेतली जाते, कधी विसरून कधी उशिरा, तशी घेणाऱ्या १०० बायकांपैकी साधारण सात जणींना वर्षभरात गर्भ राहतोच. त्या सात जणींपैकी एखादीनं त्या काळात घशासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी अँटिबायोटिक घेतलेलं असणारच. दोष औषधावर गेला. जानेवारी २०११ मध्ये ब्रिटनमधल्या या विषयातल्या तज्ज्ञ संस्थेनं आपला सल्ला बदलला. यकृताच्या चक्क्या न वाढवणारं अँटिबायोटिक असेल तर जादा काही करायची गरज नाही. डॉक्सिसायक्लिन त्याच गटात येतं.

हे सगळं सांगितल्यावर ती खूश झाली आणि फोन ठेवायला लागली. मी म्हटलं थांब, तुझ्या पाकिटात शेवटी तपकिरी गोळ्या आहेत का?

होत्या. माला-एनमध्येही असतात. २१ पांढऱ्या हार्मोनच्या आणि त्यानंतर ७ तपकिरी, लोहाच्या. रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये आणि पाळीच्या दिवसांत थोडं लोह मिळावं म्हणून त्या दिलेल्या असतात. आता गंमत नाही, खरी अडचण इथं आहे. लोह आणि डॉक्सिसायक्लिन पोटात एकत्र आले की एकमेकांना धरून बसतात, त्यांचा न विरघळणारा गोळा होतो आणि डॉक्सिसायक्लिन पुरेसं शोषलं जात नाही. म्हणजे सगळे विचारतात मलेरियाच्या औषधानं गर्भनिरोधक बिघडेल का, आणि प्रत्यक्षात त्या सात दिवसांत बिघडतं मलेरियाचं औषध. हार्मोनमुळं नाही, लोहामुळं. दूध, कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीची औषधं, सगळ्यांचं डॉक्सिसायक्लिनशी हेच आहे.

तिला मी सांगितलं, डॉक्सिसायक्लिन सकाळी नाश्त्यानंतर पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवी होऊ नकोस, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. तपकिरी गोळी रात्री झोपताना. किंवा प्रवासापुरत्या त्या सात गोळ्या सोडल्यास तरी गर्भनिरोधनात काही कमी होणार नाही, कारण त्यात हार्मोन नाहीच. पण दिवस मोजायचे. सात दिवस झाले की आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू झालंच पाहिजे. लोहाच्या गोळ्या सोडणाऱ्या बायका नेमक्या इथं चुकतात, मध्ये आठ-दहा दिवस जातात, आणि दिवस जातात ते त्यामुळं.

आणखी दोन लहान गोष्टी. डॉक्सिसायक्लिननं त्वचा उन्हाला हळवी होते, आणि गर्भनिरोधक गोळीनं काही जणींच्या चेहऱ्यावर वांग येतो जो उन्हानं गडद होतो. दोन्ही चालू असतील तर टोपी, ओढणी आणि सनस्क्रीन हवंच. आणि इतके आठवडे अँटिबायोटिक घेतल्यावर अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं आणि खाज येणं हे होऊ शकतं. घाबरायचं नाही, त्याला साधा उपचार आहे.

पत्रकातला इशारा

जिथं खरोखर दोन मतं दिसतात ते औषध म्हणजे आर्टेमिथर-ल्युमेफॅन्ट्रिन. आपल्याकडे फाल्सिपेरम या मलेरियाच्या जास्त घातक प्रकारासाठी सरकारी कार्यक्रमात आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन एकत्र देतात. वयानुसार पत्त्याचा रंग वेगळा, मोठ्यांचा पांढरा. ईशान्येकडच्या राज्यांत मात्र आर्टेमिथर-ल्युमेफॅन्ट्रिन दिलं जातं आणि खासगी डॉक्टर ते सगळीकडे लिहितात. आफ्रिकेत तर हेच मुख्य औषध. तीन दिवसांत सहा वेळा, जेवणाबरोबर, आणि जेवणात थोडं तूप-तेल हवं.

या औषधाच्या पत्रकात लिहिलेलं असतं, की हार्मोनच्या गर्भनिरोधकांचा परिणाम यामुळं कमी होऊ शकतो, तेव्हा बिनहार्मोनचं दुसरं साधन सोबत वापरा. युरोपातल्या पत्रकात तर सुमारे एक महिना असं म्हटलेलं आहे. आणि दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना म्हणते पहिला वर्ग, बिनदिक्कत वापरा. पेशंटनं कुणाचं ऐकावं?

माझ्या मते दोघांचंही, आणि त्यात विरोध नाही. आर्टेमिसिनिन कुळातली औषधं, आर्टेमिथर आणि आर्टेसुनेट त्यातलीच, गिरणीत थोड्याफार चक्क्या वाढवतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. इतकं की आर्टेमिसिनिन काही दिवस घेतलं तर त्याची स्वतःची रक्तातली पातळीही उतरत जाते. म्हणून कंपनीनं पत्रकात इशारा लिहिला. तो लिहिणं बरोबरच आहे. पण औषध तीनच दिवस घ्यायचं असतं, रिफाम्पिसिनसारखं सहा महिने नाही. जागतिक आरोग्य संघटनेला विचार करायचा असतो तो असा: या इशाऱ्यामुळं मलेरियाच्या भागातल्या लाखो बायकांना गर्भनिरोधक नाकारलं गेलं तर किती नुकसान होईल? पत्रक विचारतं, "काही होऊ शकतं का?" संघटना विचारते, "त्यासाठी साधन काढून घ्यावं का?" पहिल्याचं उत्तर "कदाचित", दुसऱ्याचं "नाही".

म्हणून मी काउंटरवर सांगते ते असं. गोळी चालूच ठेवा आणि महिनाभर निरोधही वापरा. आर्टेसुनेटचा सरकारी पत्ता असला तरी, औषध त्याच कुळातलं असल्यामुळं, चालू पाकीट संपेपर्यंत निरोध वापरा असं मी सुचवते. निरोधानं कुणाचं काही बिघडत नाही.

साधन कोणतं आहे यावरही बरंच अवलंबून असतं. अंतरा इंजेक्शन, जे तीन महिन्यांतून एकदा घेतात, त्यात हार्मोनची मात्रा इतकी मोठी असते की चक्क्या वाढल्या तरी ते पुरून उरतं. रिफाम्पिसिनबरोबरसुद्धा ते पहिल्या वर्गात आहे. तांबीचा, म्हणजे कॉपर-टीचा, यकृताशी संबंधच नाही. हातात कातडीखाली बसवायच्या काडीचं तसं नाही. ती फार थोडं थोडं औषध सोडते. युगांडात एफाविरेन्झ हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्या २० बायकांना अशी लेव्होनॉरजेस्ट्रेलची काडी बसवली होती. ४८ आठवड्यांत त्यातल्या तिघींना गर्भ राहिला. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एफाविरेन्झ चक्क्या वाढवतं, आणि ते ल्युमेफॅन्ट्रिनही लवकर दळून टाकतं. म्हणजे त्या बाईला मलेरिया झाला असता तर तेही औषध कमी पडलं असतं. तसंच रिफाम्पिसिनचं. टीबीचा उपचार चालू असलेल्या बाईला मलेरिया झाला तर मलेरियाचं औषध देणाऱ्याला टीबीबद्दल सांगितलंच पाहिजे. लघवी केशरी होतेय म्हणजे रिफाम्पिसिन चालू आहे, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. फिटसाठी फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन चालू असेल तर तेही.

आठवड्यातून घ्यायची छाया ही गोळी हार्मोनची नाही, म्हणून ती या लेखाच्या हिशेबात धरलेली नाही.

उलटी

गिरणीचं इतकं सगळं सांगून झाल्यावर मला जे सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते अगदी साधं आहे. मलेरियात गोळी निकामी होते ती बहुतेकदा उलटीमुळं. मलेरियाचा ताप चढतानाच मळमळतं. त्यात क्लोरोक्विन कडू, रिकाम्या पोटी डॉक्सिसायक्लिन पोटात ढवळतं, मेफ्लोक्विननं चक्कर. गोळी शोषली जायच्या आधीच बाहेर पडली तर यकृतापर्यंत प्रश्नच जात नाही.

गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर पाकिटातली आणखी एक पांढरी गोळी घ्यायची. उलट्या-जुलाब दिवसभराहून जास्त चालले तर तेवढे दिवस गोळी चुकली असंच धरायचं. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या, बाकी काही नाही. दोन किंवा जास्त चुकल्या तर लगेच एक घ्या, पुढं रोज एक चालू ठेवा आणि सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोध वापरा. पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात गोळ्या चुकल्या आणि त्या दिवसांत संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत तातडीच्या गोळीसाठी या, ती आशाताईकडेही मिळते. आणि शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात चुकल्या असतील तर पांढऱ्या संपल्यावर तपकिरी न घेता सरळ नवं पाकीट सुरू करा.

मलेरियाच्या गोळीचंही तेच. अर्ध्या तासात उलटून पडली तर ती पुन्हा घ्यावी लागते, आरोग्यसेविकेला लगेच कळवा.

घाबरून गोळी बंद करण्यानं जे होतं ते याहून वाईट. व्हायवॅक्स मलेरियात परजीवी यकृतात लपून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना मारायला प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावं लागतं. हे औषध गरोदर बाईला देत नाहीत, कारण जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या रक्तपेशी त्यानं फुटतात, आणि पोटातल्या बाळात ते एन्झाइम आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. आमच्या भागात आदिवासी समाजात ही कमतरता आढळते. डॉक्सिसायक्लिनही गरोदरपणात टाळतात, बाळाच्या दातांवर आणि हाडांवर परिणाम होतो म्हणून. आता विचार करा. मलेरियाची गोळी मिळाली म्हणून बाईनं गर्भनिरोधक थांबवलं, आणि त्याच पंधरवड्यात दिवस गेले. जी अडचण कधी यायलाच नको होती ती आपण घरी बोलावली. शिवाय गरोदरपणातला मलेरिया स्वतःच घातक. फाल्सिपेरमचे परजीवी वारेत अडकून बसतात, आईला रक्तक्षय होतो आणि बाळ कमी वजनाचं जन्मतं.

म्हणून प्रायमाक्विन देताना पाळी कधी आली होती हे विचारायचं असतं. तो प्रश्न घरातल्या पुरुषांसमोर विचारला तर खरं उत्तर मिळत नाही. आरोग्यसेवेतल्या माझ्या मैत्रिणींना माझी एकच विनंती आहे. रक्त तपासून झालं की बाईला दोन मिनिटं बाजूला घ्या, पाण्याच्या हंड्याशी, गोठ्याशी, कुठंही. आणि दोन्ही गोष्टी विचारा. पाळी चुकली आहे का, आणि पाळणा लांबवायला काही घेतेस का.

त्या दुपारी मी तिचं पाकीट उलटं करून काउंटरवर ठेवलं आणि तिच्याबरोबर मोजलं. नऊ घेतल्या, चार दिवस चुकले, पांढऱ्या बारा उरल्या. आधीच्या नऊ तिनं न चुकता घेतल्या होत्या, त्यामुळं तातडीच्या गोळीची गरज नव्हती. मलेरियाच्या पत्त्यातल्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या आणि उलटी एकदाच, पहिल्या दिवशी, गोळ्या घ्यायच्या आधी झाली होती. तिला दुकानातल्याच माठातलं पाणी दिलं आणि दहावी गोळी तिथंच घ्यायला लावली. निरोधचं पाकीट कागदात गुंडाळून दिलं. "नवऱ्याला काय सांगू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सांग, मेडिकलवाल्या ताईनं हे पाकीट संपेपर्यंत वापरायला सांगितलंय. पटलं नाही तर त्यांना इकडं पाठव."

तिसऱ्या दिवशी तो खरंच आला. सायकल बाहेर लावून, दुकान रिकामं व्हायची वाट बघत साबणाच्या वड्यांपाशी उभा राहिला.